हिंगणघाटला थांबलेली साखळी : विल्यम लॅम्बटन यांचे जीवनकार्य

आपल्या शाळेच्या क्रीडांगणावरील शंभर मीटरची धावपट्टी आम्हीच आखली होती. त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षे लोटली. त्या पट्टीवर झालेले विक्रम कार्यालयाबाहेरच्या फलकावर रंगवलेले आहेत आणि ज्यांच्या नावांवर ते आहेत, त्यांच्यापैकी अनेक माजी विद्यार्थी ही स्मरणिका वाचतील. म्हणून एक कबुली प्रारंभीच देणे आम्हांस उचित वाटते. ती धावपट्टी शंभर मीटरची नाही.

गेल्या वर्षी भोजनगृहाच्या बांधकामासाठी नवी पोलादी टेप आणली गेली. आठवीच्या मुलींनी सहज म्हणून तिने धावपट्टी मोजली, तेव्हा ती नव्याण्णव मीटर वीस सेंटीमीटर भरली. आमची जुनी कापडी टेप तीस मीटरची होती. तिचे टोक कधीतरी फाटले होते आणि कोणीतरी वीस सेंटीमीटरचा फाटका तुकडा कापून टाकून कडी पुन्हा शिवली होती. टेप एकदा लावली की वीस सेंटीमीटरची खोट येई. शंभर मीटरसाठी ती चार वेळा लावावी लागली, म्हणून खोट ऐंशी सेंटीमीटरांची झाली. आम्ही त्या वेळी धावपट्टी दोनदा मोजली होती. दोन्ही वेळा उत्तर शंभर आले आणि दोनदा मोजल्याचा आम्हांस अभिमानही वाटला होता. खोट्या टेपने दहादा मोजले असते, तरी दहाही उत्तरे एकमेकांशी जुळली असती.

मुलींनी मग स्वाभाविक प्रश्न विचारला. नवी टेप तरी खरी कशावरून? इतिहासाच्या शिक्षकाला अशा प्रश्नाचे उत्तर सूत्रांत सापडत नाही, माणसांत सापडते. आम्ही मुलींना त्या माणसाची हकिकत सांगितली, ज्याने हाच प्रश्न आयुष्यभर स्वतःला विचारला आणि ज्याची कबर आपल्या विदर्भातच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे आहे. वर्गात सांगताना जे राहून गेले, तेही येथे लिहीत आहोत.

विल्यम लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्दलर्टन या गावाजवळ झाला. घर सामान्य शेतकऱ्याचे होते आणि वशिला कोणाचाच नव्हता. गणिताची ओढ मात्र विलक्षण होती. गावच्या शाळेत शिक्षण झाले आणि १७८१ साली ते सैन्यात सर्वांत खालच्या अधिकारपदावर दाखल झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउन येथे इंग्रजांचा पराभव झाला आणि लॅम्बटन युद्धकैदी झाले. सुटकेनंतरची सुमारे तेरा वर्षे कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे गेली. तेथे ते छावणीच्या इमारतींची व्यवस्था पाहत. पद साधे होते, बढती नव्हती, गावंढळ भागातला एकांत होता. बहुतेक अधिकाऱ्यांनी हा काळ मद्यात आणि शिकारीत घालवला असता. लॅम्बटन यांनी तो गणित, खगोलशास्त्र आणि पृथ्वीच्या आकारावरील ग्रंथ वाचण्यात घालवला. तेथेच सूर्यग्रहण पाहताना काळी काच न वापरल्याने त्यांचा एक डोळा अधू झाला. पुढे ज्याला आयुष्यभर दुर्बिणीतून पाहायचे होते, त्याच्या वाट्याला एकच चांगला डोळा उरला होता.

१७९७ च्या सुमारास ते आपल्या पलटणीत रुजू होण्यासाठी हिंदुस्थानात आले. तोवर चाळिशी उलटून गेली होती. पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे असईच्या लढाईत मराठ्यांशी लढलेले आणि वॉटर्लूमुळे जगाला ठाऊक झालेले सेनानी. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम निघाली. एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी अंधारात चालत असताना लॅम्बटन यांच्या लक्षात आले, की तारे उलट सांगत आहेत. तुकडी आपल्या छावणीकडे नव्हे, तर शत्रूच्या गोटाकडे चालली होती. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या बोलण्यावर बेअर्ड यांचा आधी विश्वास बसला नाही. होकायंत्र पाहिल्यावर ताऱ्यांची साक्ष खरी ठरली.

टिपूच्या पाडावानंतर दक्षिणेचा मोठा मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला. आता महसूल ठरवायचा होता, सैन्याच्या वाटा ठरवायच्या होत्या आणि त्यासाठी नकाशे हवे होते. येथे भाबडेपणा नको. मोजणी ही राज्यकर्त्याची गरज होती आणि रयतेला तिचा अर्थ बहुधा सारा असाच कळला. परंतु लॅम्बटन यांनी जी योजना मांडली, ती केवळ नकाशाची नव्हती. त्यांच्या मते गावोगावचे नकाशे वेगवेगळे काढून ते एकत्र शिवले, तर प्रत्येकातील चूक पुढच्यात जाईल आणि शेवटी सगळा देशच वाकडा होईल. म्हणून आधी संपूर्ण द्वीपकल्पावर अचूक बिंदूंचे जाळे टाकावे आणि मग त्या बिंदूंमध्ये तपशील भरावा. त्याचबरोबर एका रेखावृत्ताची लांबी मोजून पृथ्वीच्या आकाराचाही उलगडा करावा, अशी त्यांची आकांक्षा होती.

मद्रासच्या वित्त समितीतील एका सदस्याला हा सारा खर्च व्यर्थ वाटला. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीवाल्या भोयाला सांगितले की झाले, नकाशा कशाला, अशा आशयाचा त्याचा आक्षेप होता. या आक्षेपाकडे हसून पाहण्याची पद्धत आहे. आम्हांस त्यात थोडे सत्य दिसते. वाट भोयाला ठाऊक होतीच. आपल्याकडेही गावची शीव कोठून कोठवर हे सांगणे महाराचे काम होते. शिवेचा तंटा उभा राहिला की त्याचीच साक्ष घेतली जाई. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधता येत नव्हते, त्याच्या स्मरणात गावाची हद्द सांभाळलेली असे. मात्र असे ज्ञान माणसाबरोबर राहते आणि त्याच्याबरोबरच जाते. दुसऱ्याने ते स्वतंत्रपणे पडताळावे, अशी सोय त्यात नसते. त्याच्या मोबदल्यात खळ्यावर मिळणारे धान्यही देणाऱ्याच्या मापाने आणि मर्जीने मोजले जाई, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आम्ही विसरलेलो नाही.

लॅम्बटन यांच्या योजनेला अखेर मंजुरी मिळाली. त्यांच्या हाती आलेल्या उपकरणांचा प्रवास कादंबरीत शोभावा असा आहे. लंडनचे विख्यात कारागीर रॅम्सडेन यांनी घडवलेली शंभर फुटी पोलादी साखळी इंग्रज वकिलातीने चीनच्या बादशहासाठी नजराणा म्हणून नेली होती. अडीच अडीच फुटांच्या चाळीस दांड्या जोडून ती तयार केली होती. बादशहाने ती स्वीकारली नाही. वकिलातीबरोबर गेलेले डॉक्टर डिनविडी ती घेऊन कलकत्त्यास आले आणि लॅम्बटन यांनी त्यांच्याकडून ती विकत घेतली. कोन मोजणारा मोठा थिओडोलाइट लंडनच्या केरी यांनी बनवला होता. त्याचे आडवे चक्र तीन फूट व्यासाचे आणि वजन सुमारे अर्धा टन. तो समुद्रमार्गे येताना फ्रेंचांच्या हाती लागला आणि मॉरिशसला नेला गेला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असूनही तेथील फ्रेंच गव्हर्नराने ते विज्ञानाचे उपकरण आहे हे जाणून सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले.

आता कामाकडे वळू. त्रिकोणाची एक बाजू आणि त्याचे कोन ठाऊक असतील, तर उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात, हे आपली नववीची मुलेही सांगतील. त्या काढलेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण उभारायचा, त्यावर तिसरा. अशा रीतीने टेकडीवरून टेकडीकडे दुर्बीण रोखत शेकडो मैल जाता येते आणि मधली जमीन पावलांनी मोजावी लागत नाही. परंतु पहिली एक बाजू मात्र जमिनीवर प्रत्यक्ष मोजावीच लागते. तिला पायारेषा म्हणतात. तिच्यात चूक झाली, तर पुढचा प्रत्येक त्रिकोण ती चूक इमानाने वाहून नेतो.

ही पायारेषा १८०२ च्या एप्रिल-मे महिन्यांत मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या दक्षिणेकडील सपाटीवर मोजली गेली. लांबी साडेसात मैलांहून थोडी जास्त. शंभर फुटी साखळी तेथे चारशे वेळा मांडावी लागली. ती जमिनीवर टाकत नसत. लाकडी पेट्यांची रांग तिवयांवर सरळ रेषेत बसवायची, साखळी त्या पेट्यांत ठेवायची, टोकाला ठरावीक वजन लावून ती दर वेळी सारख्याच ताणाने ताणायची, वर कापडाची सावली धरायची आणि पेट्यांतील तापमापके वाचायची. मद्रासच्या उन्हाळ्यात एवढा खटाटोप कशासाठी? पोलाद तापले की वाढते. शंभर फुटांची साखळी तापमान एका अंश सेल्सिअसने चढले, तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने लांबते. ही वाढ डोळ्यांना दिसतही नाही. पण पहाट आणि दुपार यांच्यात वीस अंशांचा फरक धरला, तर एका साखळीमागे सात मिलिमीटर होतात आणि चारशे साखळ्यांमागे पावणेतीन मीटरांहून अधिक. आमची टेप तुटकी होती, लॅम्बटन यांची साखळी अखंड होती. तरीही सूर्य तिला रोज लहानमोठी करीत होता. त्यांचे वेगळेपण एवढेच, की ही गोष्ट त्यांनी गृहीत धरली, साखळी किती अंशाला किती वाढते हे स्वतः प्रयोगाने पाहिले आणि प्रत्येक मापात तेवढी दुरुस्ती केली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या साखळीची. इंग्लंडहून आलेली आणखी एक साखळी त्यांनी प्रमाण म्हणून राखून ठेवली होती. कामाची साखळी ओढून, ताणून झिजते, तिचे सांधे सैल होतात, म्हणून तिची लांबी वेळोवेळी प्रमाण साखळीशी ताडून पाहायची. आजच्या भाषेत यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. मुलींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कोणतेही माप स्वतःच्या बळावर खरे ठरत नाही. ते अधिक विश्वसनीय मापाशी ताडलेले असावे लागते, ते माप त्याहून वरच्या मापाशी, आणि या प्रत्येक पायरीवर किती फरक संभवतो हे लिहून ठेवलेले असावे लागते. आपल्या देशात ही शिडी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. तिच्या माथ्यावर आता कोणत्याही धातूची पट्टी उरलेली नाही. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात प्रकाश निर्वात पोकळीत जेवढे अंतर कापतो, तेवढा एक मीटर.

मद्रासहून त्रिकोणांची माळ पश्चिमेकडे निघाली आणि सुमारे तीनशे किलोमीटरांवर बंगळूरला पोचली. तेथे लॅम्बटन यांनी जे केले, ते आम्हांस त्यांच्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचे कृत्य वाटते. श्रीरंगपट्टणच्या रात्रीपेक्षाही. १८०४ साली त्यांनी तेथे दुसरी पायारेषा साखळीने प्रत्यक्ष मोजायला लावली. तिची लांबी त्रिकोणांच्या गणिताने आधीच काढलेली होती. म्हणजे स्वतःच्या दोन वर्षांच्या श्रमांना त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. उत्तर जुळले नसते, तर योजनेच्या टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळाले असते. साडेसात मैलांच्या रेषेत गणित आणि प्रत्यक्ष मोजणी यांतील फरक निघाला ३.७ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटीमीटर. आमचा फरक शंभर मीटरांत ऐंशी सेंटीमीटरांचा होता, हे मुलींनी लगेच हिशेब करून आमच्या निदर्शनास आणून दिले.

हीच माळ पुढे मंगळूरपर्यंत गेली, तेव्हा जुन्या नकाशांची मोठी चूक उघडी पडली. मद्रासच्या अक्षांशावर द्वीपकल्पाची रुंदी सुमारे ४०० मैल समजली जात होती. ती ३६० मैल निघाली. चाळीस मैलांचा जो प्रदेश नकाशावर होता, तो जमिनीवर नव्हताच.

यानंतर लॅम्बटन यांनी मुख्य काम हाती घेतले. कन्याकुमारीच्या बाजूपासून ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे त्रिकोणांची माळ न्यायची. हीच पुढे हिमालयापर्यंत पोचलेली महान कंसमोजणी. त्रिकोणाचे तिन्ही कोन वेगवेगळे मोजायचे आणि त्यांची बेरीज करायची. शाळेत ती १८० अंश असते. पृथ्वी गोल असल्यामुळे मोठ्या त्रिकोणात ती किंचित जास्त भरते, सुमारे दोनशे चौरस किलोमीटरांमागे एक विकला, म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग. इतक्या सूक्ष्म मापातही बेरीज अपेक्षेप्रमाणे आली, तर निरीक्षण ठीक झाले असे समजायचे, नाहीतर पुन्हा टेकडी चढायची.

तंजावरच्या सपाट प्रदेशात टेकड्या नव्हत्या, म्हणून देवळांच्या शिखरांचा आधार घेतला गेला. १८०८ साली बृहदीश्वर मंदिराच्या विमानावर थिओडोलाइट चढवला जात असताना आधाराचा एक दोर तुटला आणि अर्ध्या टनाचे ते यंत्र दगडी भिंतीवर आदळले. चक्र वाकले. ज्या चक्रावर विकला मोजायच्या, तेच वाकडे झाले. दुसरा कोणी असता तर दोर ओढणाऱ्यांवर आसूड उगारला असता. लॅम्बटन यांनी इंग्लंडला स्वखर्चाने नवे यंत्र मागवले. ते येण्यास वर्षे लागणार हे ठाऊक असल्याने जुने यंत्र सुटे करून ते तंबूत जाऊन बसले. पाचरी, स्क्रू आणि दोर-कप्प्यांच्या साह्याने ते चक्र केसाकेसाने ओढून सहा आठवड्यांत त्यांनी पुन्हा गोलाकार आणले. दुरुस्ती झाल्यावर यंत्रावर भरवसा ठेवायचा की नाही, हे पाहण्याची कसोटीही तीच होती. कोन मोजा, बेरीज करा. त्या यंत्राने पुढे कित्येक वर्षे काम दिले.

प्रत्येक फरक मात्र यंत्रातला नसतो. ताऱ्यांवरून अक्षांश काढण्यासाठी ओळंबा लागतो आणि ओळंबा नेहमी थेट खाली दाखवतो असे आपण मानतो. बंगळूरजवळच्या दोड्डगुंटा येथील निरीक्षणे आजूबाजूच्या निरीक्षणांशी जुळेनात. लॅम्बटन यांनी आकडा दाबला नाही आणि सोयीस्कर सरासरीत बुडवलाही नाही. जमिनीच्या पोटातील जड पदार्थ ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढत असावा, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे हा विषय भूमापनशास्त्राची स्वतंत्र शाखाच बनला.

आता ज्यांच्या खांद्यांवर हे सारे उभे होते, त्यांच्याकडे वळतो. आपल्यासारख्या निवासी शाळेच्या वाचकांना यातील एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. मद्रास येथे १७९४ साली सर्वेक्षणाची एक शाळा सुरू झाली होती. तेथील मुले अनाथाश्रमातून घेतलेली, बहुतेक युरोपीय शिपाई आणि देशी स्त्रिया यांची संतती. बापाचा समाज त्यांना आपले म्हणत नव्हता आणि आईचाही नाही. या मुलांना गणित, रेखाटन आणि यंत्रे हाताळणे शिकवून कामावर पाठवले जाई. जोशुआ डी पेनिंग आणि विल्यम रोसेनरोड हे लॅम्बटन यांचे सर्वांत भरवशाचे सहायक याच शाळेचे. डी पेनिंग पोरवयात आले आणि लॅम्बटन यांच्या अखेरपर्यंत राहिले. गोऱ्या अधिकाऱ्याची पायरी या मुलांना कधी मिळाली नाही. मात्र त्यांनी मोजलेला कोन साहेबाने मोजलेल्या कोनाइतकाच खरा धरला गेला. त्रिकोणाच्या बेरजेला बापाचे नाव लागत नाही.

आणि त्यांच्याही खाली साखळी उचलणारे, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे, यंत्राचे सुटे भाग डोक्यावर घेऊन डोंगर चढणारे खलाशी आणि हमाल होते. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांतील जंगलांत हिवतापाने त्यांच्यातील कितीतरी खचले, कितीतरी परतले नाहीत. साखळीचे तापमान अंशाअंशाने टिपणाऱ्या त्या काटेकोर अहवालांतून त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. लॅम्बटन यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. म्हणूनच ही उणीव अधिक बोचते.

१८१५ पर्यंत काम बीदरपर्यंत पोचले. १८१७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही आपल्या मंडळात घेतले. त्यानंतर हे काम मद्रास सरकारकडून थेट गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत आले आणि त्यास हिंदुस्थानचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले. या बदलाची तारीख होती १ जानेवारी १८१८. त्याच दिवशी भीमेच्या काठी कोरेगावला काय घडत होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. पण इतिहासाच्या शिक्षकाची नजर तारखेवर अडखळते खरी.

त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट नावाचे तरुण अधिकारी त्यांचे मदतनीस नेमले गेले. लॅम्बटन आता साठीच्या पुढे होते. टक्कल पडलेले, उंच, अबोल. हैदराबादेत मुक्काम होता आणि छातीचा विकार बळावत होता. बीदरच्या पुढे माळ वऱ्हाडात शिरली आणि १८२२ साली अचलपूरच्या परिसरात आणखी एक पायारेषा मोजली गेली. नागपूर हे पुढचे ठाणे करावे असे ठरले. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्बटन यांनी हिंगणघाट येथे देह ठेवला. नागपूर अवघे पाऊणशे किलोमीटर उरले होते. वीस वर्षांत १,६५,३४२ चौरस मैल प्रदेश त्रिकोणांत बांधला गेला होता.

पुढे एव्हरेस्ट यांनी काम हाती घेतले, आणि त्यांनी गुरूची मापे जशीच्या तशी स्वीकारली नाहीत. इंग्लंडला जाऊन ते १८३० मध्ये परतले, ते लोखंड आणि पितळ या दोन धातूंच्या जोड-पट्ट्या घेऊन. दोन धातू उन्हात कमीअधिक वाढतात. त्या फरकाचाच उपयोग करून पट्टीवरील खुणांमधले अंतर तापमानाने बदलणार नाही, अशी त्यांची रचना होती. या पट्ट्यांनी बीदरची पायारेषा १८४१ साली पुन्हा मोजली गेली. बीदरच्या उत्तरेकडील लॅम्बटनकालीन कामाचा भाग त्यांनी नव्याने केला. काही चरित्रकारांना यात कृतघ्नपणा दिसतो. आम्हांस दिसत नाही. बंगळूरला दुसरी पायारेषा मोजणाऱ्या माणसाचा वारसा याहून वेगळ्या रीतीने कसा चालवता आला असता? डी पेनिंग पुढे कलकत्त्याच्या गणन-कार्यालयात होते. तेथेच राधानाथ सिकदार हे बंगाली तरुण आले, ज्यांच्या गणिताचा जगातील सर्वोच्च शिखराच्या उंचीशी संबंध आहे. त्या शिखराला नाव एव्हरेस्ट यांचे लाभले.

धावपट्टीचे पुढे काय झाले, हेही माजी विद्यार्थ्यांना कळायला हवे. पट्टी ऐंशी सेंटीमीटरने वाढवून घेतली आहे. फलकावरील जुने विक्रम पुसायचे की ठेवायचे, यावर शिक्षकसभेत बराच वाद झाला. शेवटी आठवीच्या मुलींचे म्हणणे मान्य झाले. नावे आणि वेळा तशाच राहिल्या, त्यांच्यासमोर अंतराचा नवा रकाना काढून ९९.२० मीटर असे लिहिले आणि खाली मोजणाराचे नाव म्हणून आमचे नाव घातले. ज्या विद्यार्थ्याच्या नावावर मुलांचा विक्रम होता, ते आज एका तालुक्याच्या ठिकाणी नोकरीस आहेत. वर्धापनदिनाला ते आले, फलकापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग टेप कुठे आहे, असे त्यांनी विचारले. आम्ही पोलादी टेप आणली. एक टोक त्यांनी धरले, दुसरे त्यांच्या सहावीतल्या मुलीने, आणि वहीत आकडे लिहिण्याचे काम आमच्याकडे आले.